पर्समधलं पिस्तूल आणि पार्किंगमधली तीस पावलं

ताई, नमस्कार.

आम्ही ह्यूस्टनजवळ कॅटीला राहतो. मी फार्मसिस्ट आहे. आठवड्यातले तीन दिवस दुकान बंद करून निघायला रात्रीचे साडेदहा होतात. गेल्या महिन्यात आमच्याच पार्किंगमध्ये एका बाईची पर्स हिसकावून नेली. तेव्हापासून दारातून गाडीपर्यंत जाताना जीव मुठीत असतो. तीसेक पावलंच आहेत, पण संपत नाहीत. ग्रीन कार्ड येऊन दीड वर्ष झालं. सगळे म्हणतात, टेक्ससमध्ये आता परवानाही लागत नाही, जा आणि पिस्तूल घेऊन ये. मिस्टर म्हणतात ग्लॉक १९ घे. मैत्रीण म्हणते बायकांना छोटंच बरं, पर्समध्ये मावेल असं, छोट्या काडतुसाचं .३८० घे. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेले धाकटे दीर आहेत आणि पुढच्या महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. आजोळी, कुडाळला, आजोबांची ठासणीची बंदूक होती आणि तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. माझा बंदुकीशी संबंध एवढाच. कुठलं घेऊ?

एक वाचक, कॅटी

*

नमस्कार.

पिस्तुलाचं नाव सांगते. पण त्याआधी तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट विचारते. तुमच्या फार्मसीचा याबाबत नियम काय आहे? बहुतेक दुकानं कामगारांना कामावर शस्त्र बाळगू देत नाहीत. परवाना असला तरी नाही. सापडलं तर नोकरी जाते आणि त्यावर वाद घालायलाही जागा उरत नाही. टेक्ससमध्ये २०११ साली एक कायदा झाला. त्यानुसार तुमच्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये, तुम्ही कायदेशीर पिस्तूल ठेवलंत तर मालक सहसा अडवू शकत नाही. ठीक. पण याचा अर्थ बघा. रात्री साडेदहाला तुम्ही दिवे मालवून बाहेर पडाल, तेव्हा पिस्तूल असेल गाडीत आणि तुम्ही असाल दारात. ज्या तीस पावलांसाठी ते घ्यायचं म्हणताय, नेमक्या त्या तीस पावलांत ते तुमच्याजवळ नसेल.

आजच मॅनेजरला लेखी विचारा. तोंडी नको.

उत्तर ‘नाही’ आलं, आणि बहुधा तेच येईल, तर त्या पार्किंगचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल. शेवटच्या पाळीला दोघांनी एकत्र बाहेर पडायचं, एकटीने नाही. दुपारी कामावर येतानाच गाडी खांबाच्या दिव्याखाली लावायची, भले चार पावलं जास्त पडोत. निघताना फोन आत, किल्ली हातात. पेपर स्प्रेची छोटी डबी टेक्ससमध्ये चालते. ती दुकानात चालेल का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. मिळाली तर खिशात ठेवा, पर्सच्या तळाशी लिपस्टिकसोबत नको. आणि पर्स ओढलीच कुणी, तर सोडून द्या. आत पिस्तूल असेल तर मात्र सोडवत नाही, आणि सोडली तर ते चोराच्या हातात जातं. पर्समध्ये मावेल असं घे म्हणणाऱ्या मैत्रिणीला एवढंच सांगा.

एवढं करूनही, पार्किंगचं सोडून, एरवीसाठी म्हणून घ्यायचं असेल तर पुढचं वाचा. मी स्वतः पंधरा वर्षं बाळगते आहे, त्यामुळे घेऊ नका म्हणायला माझं तोंड नाही.

माझं पहिलं पिस्तूल म्हणजे खरं तर रिव्हॉल्व्हर होतं. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, अर्ध्या किलोहूनही हलकं. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे दोनदा, आणि ‘लेडीजसाठी हेच’ म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं. मूठ जांभळी होती, मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, दहा गोळ्या झाडल्या आणि अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला. चाप इतका जड की ओढता ओढता नळीचं टोक डावीकडे झुकायचं. सात यार्डांवरच्या कागदी माणसाला पाचपैकी दोन लागायच्या, त्यातली एक खांद्याला. पुढच्या आठवड्यात गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग वर्षभर ते तिजोरीत पडून होतं आणि मी मात्र ‘आपल्याकडे आहे हो’ म्हणून निर्धास्त. सरावच नसलेलं ते पिस्तूल नसल्यातच जमा होतं, हे कळायला मला एक वर्ष आणि चारशे डॉलर लागले.

बायकांना छोटं बरं, हा समज कुठून आला देव जाणे. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं तितकं बाळगायला सोपं, पण चालवायला तितकंच अवघड. गोळी सुटताना जो धक्का मागे येतो तो सोसायला वजन लागतं. वजन नसेल तर सगळा धक्का मनगटात येतो. नळी आखूड असली की नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणाही एकमेकींच्या जवळ येतात, म्हणजे हाताची बारीकशी चूक समोर मोठी होऊन उमटते. मूठ छोटी असली की करंगळी हवेत लोंबकळते. रुगरचं एलसीपी नावाचं .३८० आहे. रिकामं असताना जेमतेम पाव किलोच्या वर. खिशात घातलं तर कळतही नाही, आणि चालवायला म्हणाल तर अनुभवी माणसंसुद्धा एक डबी काडतुसं संपली की हात झटकतात. ते नवशिक्याचं हत्यार नव्हे. आधी दहा वर्षं दुसरं काही चालवलेल्याचं ते जास्तीचं हत्यार.

मिस्टर म्हणतात ते ग्लॉक १९ चुकीचं नाही. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, ९ एमएम, जगभर पोलिसांच्या कमरेला असतं, बिघडत नाही. शिकायला उत्तम. पण भरलेलं ते साडेआठशे ग्रॅमच्या घरात जातं आणि मूठही जाड. तुमची बोटं माझ्यासारखी असतील तर चापापर्यंत बोट पोचवायला मूठ हातात फिरवून धरावी लागेल, आणि तशी ती धरली की नेम गेलाच. शिवाय जोपर्यंत कपड्यांखाली लपवायचा प्रश्न येत नाही तोपर्यंतच पुरुषमंडळींना सगळं सोपं वाटतं. त्यांची जीन्स, त्यांचा पट्टा, वर ढगळ शर्ट.

मधल्या मापाची हल्ली चांगली मिळतात. २०१८ साली सिग कंपनीने पी३६५ आणलं. तळहातात मावेल एवढं पिस्तूल आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. त्याआधी या आकारात सहा-सात गोळ्यांवरच समाधान मानावं लागायचं. मग बाकीच्यांनीही तसंच केलं: ग्लॉकचं ४३एक्स, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. यातलं कुठलंही वाईट नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचायलाच त्रास होत असेल, म्हणजे दुकानात दोनदा जोर लावून ती हलली नाही, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा. त्याची स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवली आहे, आठ गोळ्या येतात, आणि मुठीच्या पाठीमागची पट्टी दाबल्याशिवाय ते उडतच नाही. पण आधी खेचायची रीत शिकून घ्या. डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. नारळाची शेंडी सोलताना दोन्ही हात एकमेकांविरुद्ध लावतो ना, तसंच. निम्म्या बायकांची अडचण तिथेच मिटते.

काडतूस ९ एमएमच घ्या. त्याहून मोठ्याची भुरळ पाडणारे भेटतील. पण २०१६ मध्ये एफबीआयनेही .४० मागे ठेवून ९ एमएम ग्लॉकचं कंत्राट दिलं. धक्का कमी, काडतुसं स्वस्त, आणि स्वस्त म्हणजे सराव जास्त. सरावाला साधी गोल टोकाची गोळी, बाळगायला पोकळ टोकाची, कारण ती आरपार जाऊन पलीकडच्या भलत्याच माणसाला लागायची शक्यता कमी.

तर कुठलं घेऊ, याचं माझं उत्तर असं. काउंटरवर घेऊ नका. ज्या रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात तिथे जा आणि एकाच दिवशी तीन चालवून बघा: ग्लॉक १९, पी३६५ आणि शील्ड ईझेड. प्रत्येकी वीस गोळ्या. मिस्टरांना गाडीत बसवा किंवा घरी. सोबत प्रशिक्षक हवा, शक्य असेल तर बाई, आणि तास फक्त तुमचा हवा. शेवटच्या पाच गोळ्यांचे कागद बाजूला ठेवा. तोपर्यंत हात दमलेला असतो आणि दमल्यावरही जे सरळ लागतं ते तुमचं. माझा अंदाज विचाराल तर पी३६५ किंवा ईझेड. पण माझा हात वेगळा, तुमचा वेगळा.

आता कपडे. या प्रश्नावर पुरुष लेखक एका ओळीत उरकतात, म्हणून मी जरा रेंगाळते. कामावर तुम्ही स्क्रब्स घालत असाल. नाडीचा पायजमा, वर सैल सदरा. नाडीवर पिस्तूल तोललं जात नाही, गुडघ्यापर्यंत घसरतं. कुर्ता-लेगिंगचंही तेच. यासाठी रुंद इलॅस्टिकचा कमरपट्टा मिळतो, आत कडक प्लास्टिकचं कवच असलेला, तो कपड्यांखाली स्वतंत्र बांधायचा. कवच महत्त्वाचं. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, कुठलंही घ्या, पण चापाचा भाग त्याने पूर्ण झाकलेला हवा आणि बाहेरून दाबून चाप हलता कामा नये. नुसत्या मऊ कापडाच्या पिशवीत पिस्तूल खोचू नका. वर जरा जाड कापडाचा, न चिकटणारा, छापील कुर्ता घाला. छापील नक्षीत फुगवटा हरवतो, एकरंगी रेशमात उठून दिसतो. साडीत? मी तीन वेळा प्रयत्न केला. निऱ्यांच्या आत पिस्तूल आणि बाथरूमला जायचं असेल तर काय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. साडीच्या दिवशी मी ते घरी ठेवते.

पर्सबद्दल आणखी. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि गोळी सुटली. आई जागीच गेली. पर्स खास पिस्तुलासाठीच्या कप्प्याची होती. आणि हे टोकाचं उदाहरण वाटत असेल तर साधं घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या. पकडलेल्यांचं ठरलेलं उत्तर: बॅगेत होती हे विसरलोच. अंगावरचं पिस्तूल विसरता येत नाही, बॅगेतलं सहज विसरता येतं. रेंजची बॅगही वेगळीच ठेवा आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नका. तळाशी राहिलेलं एक सुटं काडतूस घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरलात किंवा तिथून परत निघालात, तर तिथे १९५९ चा शस्त्र कायदा वाट बघत असतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाते.

कागदपत्रांकडे वळू, कारण ‘परवाना लागत नाही’ हे तुम्हाला सांगणाऱ्यांनी अर्धंच सांगितलंय. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, खरं आहे. तरीही परवाना काढा. मुलाला शाळेत सोडता ना? शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक आणायला केंद्राचा कायदा बंदी घालतो, आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. परवाना नसेल तर रोज सकाळी सव्वासातला तुम्ही नकळत गुन्हा करत असाल. वर्ग चार ते सहा तासांचा, फी चाळीस डॉलर, आणि शेवटी पन्नास गोळ्यांची परीक्षा, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण लागतात. ते पडतातच. खरा फायदा वर्गातल्या कायद्याच्या तासाचा. कुठल्या पाटीचा अर्थ काय, पोलिसाने गाडी थांबवली तर परवाना दाखवायचा, दारूच्या गुत्त्यात चालत नाही, पोस्टात चालत नाही. मंडळाचा गणपती किंवा नाटक शाळेच्या सभागृहात असेल तर तिथेही नाही, परवाना असला तरी. आणि न्यू जर्सीत, एडिसनला, नणंदेकडे जाताना ते घरीच. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया टेक्ससचा परवाना मानत नाहीत.

ग्रीन कार्डवर तुम्ही पिस्तूल घेऊ शकता. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागेल, त्यात तुमचा ए-नंबर, म्हणजे स्थलांतरित म्हणून मिळालेला नोंदणी क्रमांक, लिहावा लागतो, मग पार्श्वभूमीची तपासणी. आपल्या नावांमुळे कधी कधी ‘थांबा’ असं उत्तर येतं. घाबरू नका, तो नकार नव्हे. फॉर्मवर एक प्रश्न असतो: खरे खरेदीदार तुम्हीच का? मिस्टरांनी स्वतःच्या पैशाने तुम्हाला भेट दिली तर चालतं. पण तुम्ही पैसे देऊन त्यांना फॉर्म भरायला लावलात तर तो केंद्राचा गुन्हा. आणि ग्रीन कार्डवाल्याने एक लक्षात ठेवायचं. नागरिकाला जिथे दंड होऊन सुटका होते, तिथे शस्त्रासंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर आपल्याला देशाबाहेर काढता येतं.

तुमचे दीर. हा भाग त्यांना वाचून दाखवा. एच-१बी आणि त्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून, मित्राला विचारून नाही. ऑफिसची पोरं मिळून हौसेने रेंजवर जातात आणि भाड्याची बंदूक हातात धरून फोटो टाकतात, तेही या मनाईतच येतं. तुमच्या घरात याचा अर्थ असा की तिजोरीचा आकडा दिरांना माहीत नको, किल्ली त्यांच्या हाती लागेल अशी नको, आणि ‘भाऊजी, जरा गाडीतून काढून आणा’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीच यायला नको. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर, त्यांनाही तोच नियम. त्यांना बहुधा कळायचीही गरज नाही.

तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्या. पलंगाशेजारी जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने आवळलेली, आकड्यांच्या बटणांची. अंगावर नसेल तेव्हा पिस्तूल तिथे, दुसरी जागा नाही. कपाटाच्या वर नाही, उशीखाली नाही, ‘दोनच मिनिटं’ ओट्यावर नाही. गाडीतसुद्धा सीटखाली बोल्टला वायरने बांधलेला पोलादी डबा लागेल, कारण काच फोडून पिस्तूल नेणं चोराला पाच सेकंदांचं काम. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकाने नका करू. सहा वर्षांच्या मुलाला आईच्या तिजोरीचा आकडा दोन आठवड्यांत पाठ होतो, फोनचा नाही का झाला? म्हणून आकडा बदलत राहा आणि टाइप करताना आडोसा करा.

आणखी एक विचारते, राग मानू नका. अमेरिकेत बंदुकीने जेवढे जीव जातात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्येचे असतात. घरात बंदूक आली की तो धोका घरातल्या प्रत्येकासाठी वाढतो. तुमच्या घरात कुणाला, तुम्हाला, मिस्टरांना, नोकरीची टांगती तलवार असलेल्या दिरांना, रात्र रात्र झोप लागत नसेल, कुणी आतून खचलेलं असेल, तर यंदा घेऊ नका. पुढच्या वर्षी बघू. आणि अशा कुणाशी आजच बोलायची गरज असेल तर ९८८ या मदतक्रमांकावर रात्री-अपरात्री फोन लागतो.

कुडाळच्या आजोबांची आठवण तुम्ही काढलीत ते बरं झालं. आमच्याकडेही तशी एक होती, डुकरं भाताच्या खाचरात घुसायची म्हणून पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायला माझे काका बसने जायचे, पोत्यात गुंडाळून. दारू भर, गज घालून ठास, केप लाव, एवढं केल्यावर एक बार. एवढ्या वेळात डुकरंही जायची आणि माणसाचा रागही. इथे तुम्ही जे घेणार आहात त्याला ठासायला काही लागत नाही. बोट आत गेलं की गोळी बाहेर. म्हणून रेंजवर प्रशिक्षक पहिला अर्धा तास एकच गोष्ट घोकून घेईल: नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, सरळ, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर. बाकी सगळं विसरलात तरी हे नको.

रेंजच्या दिवशी बंद गळ्याचं काहीतरी घाला, कुर्ती खोल गळ्याची नको. झाडलेलं काडतुसाचं टरफल तापलेलं असतं आणि नेमकं गळ्यातून आत जातं. माणूस दचकून नाचतो, हातात भरलेलं पिस्तूल. तसं झालंच तर नळी पुढेच ठेवा, बोट बाहेर, पिस्तूल खाली ठेवा आणि मग हवं तेवढं ओरडा. चामड्याचे बंद बूट, कानाला दुहेरी संरक्षण, डोळ्यांना चष्मा. आणि घरी आल्यावर शिशाची पूड हातावर असते, कपड्यांवरही. थंड पाण्याने साबण लावून हात धुवा, कपडे थेट मशीनमध्ये टाका, आणि मगच लेकाला जवळ घ्या.